शेवटच्या दिवशी नको, मंगळवारी या

२०१४ च्या मार्चमध्ये ग्रँट रोड स्टेशनाबाहेर सकाळी सकाळी रांग लागायची. रांग मावा केकसाठी होती. १९१४ सालचं 'बी. मेरवान' महिनाअखेरीस बंद होणार अशी बातमी पेपरात आली आणि लांबलांबच्या उपनगरांतून माणसं धावली. खोके भरभरून केक गेले, संगमरवरी टेबलांशी उभं राहून फोटो निघाले, कुणाकुणाचे डोळे भरून आले. पुढं दुरुस्ती आटोपून दुकान पुन्हा उघडलं, तेव्हापुरती ती हूल ठरली. पण त्या गर्दीनं आपली एक खोड उघडी पाडली. इराण्यावरचं आपलं प्रेम उफाळून येतं ते त्याच्या तिरडीपाशी.

त्या रांगेतल्या किती जणांनी आदल्या वर्षभरात तिथं बसून एक कप चहा घेतला होता, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. इराण्याचं हॉटेल शेवटच्या आठवड्याच्या गल्ल्यावर चालत नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी दुपारी तीन वाजता किती टेबलं भरली होती, त्यावर ते चालतं. मराठीत इराण्यावर हळहळणारं लेखन उदंड झालं. दिवाळी अंक उघडावा तर त्यात एखादा ब्रून मस्का असतोच. मला हळहळायचं नाही, निदान फार वेळ नाही. मुंबईत आणि पुण्यात जे मोजके इराणी अजून रोज शटर वर करतात, ते आणखी वीस-पंचवीस वर्षं करत राहावेत यासाठी तुम्ही आणि मी काय करू शकतो, तेवढं सांगायचंय. त्यातलं काही चहा पिण्याइतकं सोपं आहे, काही बिल्डरच्या करारनाम्यात नाक खुपसण्याइतकं अवघड.

पण ज्यांनी भरलेला इराणी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागं जाते.

मी गिरगावात वाढले. दोन खोल्यांत आठ माणसं, त्यामुळं बाहेर बसणं ही आमच्याकडं चैन नव्हती, सोय होती. मुलांना त्यासाठी गच्ची होती, नाका होता, पानाची गादी होती. मुलींना देऊळ आणि वाचनालय. वाचनालयात बोलायचं नाही आणि देवळात बोललेलं आईच्या कानावर जायचं. उडप्याकडं दोघी-तिघी शिरलो तर वेटर पाण्याचे पेले आपटून 'और कुछ?' विचारायचा, आणि त्या 'और कुछ'चा अर्थ 'उठा आता' असा असायचा. खानावळीत तर बायकांनी जायची पद्धतच नव्हती. इराण्याकडं मात्र शिरलं, की गल्ल्यावरचा शेठ चष्म्यावरून एकदा बघायचा आणि पुन्हा 'जामे जमशेद'मध्ये डोकं घालायचा. एवढंच. तुम्ही कोण, कुणाची मुलगी, सोबत आहे तो भाऊ की आणखी कुणी, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आमच्या पिढीच्या कित्येक मुलींना या शहरात आपल्याला कुणी ओळखत नाही याचं सुख पहिल्यांदा तिथं मिळालं.

कोपऱ्यात अर्ध्या उंचीच्या लाकडी पार्टिशनची 'फॅमिली रूम' असायची. तिथं फॅमिली क्वचित बसे. होऊ घातलेली फॅमिली बसे. दाखवण्याच्या कार्यक्रमात पोहे देताना मुलगा धड दिसलेलाच नसायचा. तो खरा कसा आहे हे बघण्याची दुसरी भेट, घरच्यांना सांगून किंवा न सांगता, इराण्याकडं व्हायची. बशीत ओतून फुर्र करून पितो की कपानं, पोऱ्याशी कसा बोलतो, बिल आल्यावर खिसा चाचपतो का, सगळी परीक्षा एका आम्लेट-पावात. त्या परीक्षेत नापास झालेलेही पुष्कळ होते, आणि त्यांच्या घरच्यांना कारण शेवटपर्यंत कळलं नसेल.

बाकी गिऱ्हाईक वेळेप्रमाणं बदलायचं. पहाटे रात्रपाळीवरून सुटलेले छापखान्यातले कंपोझिटर, टॅक्सीवाले, गिरणीतले लोक. नऊच्या सुमाराला कचेऱ्यांकडं निघालेले कारकून, उभ्याउभ्या बन मस्का. अकरानंतर बेकार तरुण. इराणी एकच पेपर घ्यायचा आणि त्याची पानं सुटी करून टेबलांवर वाटायचा. नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान कुठल्या टेबलावर आहे यावर मंडळींचं लक्ष. दुपारी निवृत्त माणसं. संध्याकाळी साहित्य संघात तालीम संपवून आलेले नट, ज्यांच्यातला एक जण कायम 'आज तू दे' म्हणायचा. बिल लिहून द्यायची पद्धत नव्हती. तुम्ही उठलात की पोऱ्या तिथूनच गल्ल्याकडं आरोळी ठोकायचा: 'आगेवाला डेढ रुपया, पीछे चष्मेवाली बारा आना!' कुणी काय खाल्लं हे साऱ्या हॉटेलाला कळायचं. भिंतीवर सूचनांची भलीमोठी पाटी असायची. आरशासमोर केस विंचरू नका, खुर्चीवर पाय घेऊ नका, उधार मागू नका. धोबी तलावच्या बस्तानीतल्या अशाच पाटीवर निस्सीम एझेकिएल यांनी १९७२ मध्ये इंग्रजी कविता केली, म्हणजे पाटीही वाया गेली नाही.

मराठी साहित्य या टेबलांचं जे देणं लागतं ते आपण कधी नीट फेडलं नाही. १९५४ चं 'शब्द', १९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी काढलेलं 'असो' आणि त्यांच्या मागून आलेली लघुअनियतकालिकं ज्यांनी चालवली त्यांना कचेरी परवडणारी नव्हती. एका चहावर दोन तास बसू देणारी जागा हीच अशा मंडळींची कचेरी. अरुण कोलटकर वर्षानुवर्षं काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसत आणि खिडकीतून समोरचा चौक बघत. ती बघितलेली दुनिया २००४ मध्ये 'काळा घोडा पोएम्स'मध्ये आली. वेसाइड इन हे काही इराणी नव्हे, पण बसू देणाऱ्या हॉटेलांची जी एक जात होती, त्या जातीतलंच. आज ते नाही. समोरच्या पदपथावर पुस्तक वाचत उभं राहता येतं, तेवढंच.

आता हिशेबाकडं वळू, कारण या विषयात सगळा घोळ तिथं आहे. इराणी उदार होता म्हणून बसू देत होता, असं आपण समजतो. उदार असेलही, पण धंद्याची बैठक वेगळीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशकं याझ्द आणि केरमानकडून ही माणसं आली. बहुतेक जरथुष्ट्री, काही मुसलमान. आधी पारश्यांच्या घरी चाकरी, मग चहा विकणं, मग दुकान. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अपशकुनी वाटे म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. शकुन-अपशकुनाचं राहू द्या. कोपरा म्हणजे दोन रस्ते, दोन दारं, दोन्हीकडून उजेड आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक. एका दुकानात तीन-चार कुटुंबांची भागीदारी असायची आणि पाळीपाळीनं गल्ल्यावर बसणं व्हायचं. मागं भट्टी, पुढं चहा, आणि दाराशी किराण्याचं काउंटर: अंडी, साबण, ब्लेड, मेणबत्त्या, सिगारेट, चाळीत रात्री अकराला संपलेलं काहीही. चहा हे माणूस आत आणायचं निमित्त होतं. पैसा पावात आणि काउंटरवर होता, आणि या सगळ्याखाली होतं ते ठरलेलं, न वाढणारं भाडं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं ते गोठवलं होतं. पुढं त्याची जागा १९९९ च्या कायद्यानं घेतली.

म्हणजे तुमच्या दोन तासांच्या बैठकीचा खर्च बराचसा घरमालक सोसत होता. त्यानं तो वसूल केला इमारतीची डागडुजी न करून. छपरं गळली, टेकू लागले, धोकादायक इमारतीच्या नोटिसा आल्या. तोवर भागीदारांची मुलं डॉक्टर, इंजिनीयर झाली, काही परदेशी गेली, आणि तीन कुटुंबांच्या जागी सतरा वारस उभे राहिले. किराण्याचं काउंटर आधी सुपरमार्केटनं आणि मग मोबाइलनं खाल्लं. जो कोपरा कुणाला नको होता, तो शहरातला सगळ्यात महाग तुकडा झाला. कित्येकांनी बीअर बार काढून वेळ मारून नेली. बस्तानी २००४ मध्ये मिटलं. मलबार हिलचं नाझ, जिथल्या गच्चीवरून अख्खी चौपाटी दिसायची, ते गेलं. पुण्यात डेक्कनवरचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझ गेलं. 'काळ बदलला' म्हणून आपण सुटका करून घेतो तेव्हा यातलं एकेक कारण झाकलं जातं, आणि झाकलेल्या कारणावर इलाज करता येत नाही.

यातलं जे दुखणं अजून आपल्या हातात आहे, ते पुनर्विकासाचं. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर एखादा इराणी, एखादं जुनं उपाहारगृह, एखादं वाचनालय अजून आहे.

मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पाडून बांधल्या जातात. त्यात दुकानदारालाही हक्क आहे; जेवढी जागा होती तेवढं क्षेत्रफळ नव्या इमारतीत त्याला मिळतं. ऐकायला छान. पण कायदा क्षेत्रफळ मोजतो, कोपरा मोजत नाही. नव्या नकाशात रस्त्याकडचा दर्शनी भाग विकायच्या गाळ्यांना जातो, बँकेला जातो, मोटारींच्या चढाला जातो. इराण्याला त्याचे तेवढेच चौरस फूट मिळतात ते मागच्या बाजूला, किंवा पहिल्या मजल्यावर, किंवा लांबट बोळासारखे, जिथं सहा खुर्च्यांची ओळ लागेल पण गोल टेबल मांडता येणार नाही. भट्टीचं धुराडं काढायला वाट ठेवलेली नसते. आणि इमारत उभी राहीपर्यंतची चार-पाच वर्षं त्यानं काय करायचं? भाडं बिल्डर देईल, देतोही. पण पहाटे साडेपाचचं गिऱ्हाईक तोवर दुसरीकडं वळलेलं असतं, कामाला असलेली जुनी माणसं गावी गेलेली असतात, आणि सत्तरीतल्या शेठला पुन्हा सुरुवात करायचं बळ उरत नाही. तो पैसे घेतो आणि मोकळा होतो. त्याला दोष कोण देणार?

दोष वरच्या मजल्यावरच्या आपल्याला आहे. संमतीपत्रावर सही करताना आपण कार्पेट एरिया बघतो, कॉर्पस बघतो, लिफ्ट किती बघतो. खालचा इराणी हा आपल्या वाटाघाटीचा विषय आहे हे आपल्या गावीही नसतं. पण सह्या आपल्या असतात, आणि सह्या हव्या असतात तोवरच बिल्डर ऐकतो. एका अटीनं प्रकल्प कोसळत नाही. तळमजला, रस्त्याकडं तोंड, शक्यतो मूळ कोपरा, स्वयंपाकघराला धुराड्याची सोय, आणि बांधकाम चालू असताना त्याच गल्लीत किंवा जवळपास एखादा गाळा, जेणेकरून गिऱ्हाईक तुटणार नाही. या गोष्टी करारात लिहून घेता येतात. तोंडी आश्वासनांचं काय होतं हे आपल्यातल्या बहुतेकांना वेगळं सांगायला नको.

दुसरं मागणं महापालिकांकडं. १९९५ च्या वारसा नियमावलीनं मुंबईच्या शेकडो इमारतींना संरक्षण दिलं आणि ते देशात आधी घेतलेलं पाऊल होतं, त्याचा अभिमान बाळगावा. पण ती यादी दगडविटांची आहे. कमानी राहतात, कंगोरे राहतात, आतलं दुकान कुणीही उचलून नेऊ शकतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ च्या २९ फेब्रुवारीला बंद झालं. इमारत जागच्या जागी आहे, जिथं आपण उभ्याउभ्या तासन् तास गाणी ऐकायचो ती जागा नाही. जगात यावर उपाय निघालेत. ब्युनॉस आयरिसनं १९९८ मध्ये कायदा करून आपल्या जुन्या कॅफेंची अधिकृत यादी केली. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१५ पासून तीस वर्षांहून जुन्या धंद्यांची नोंदवही ठेवली आणि त्यांच्यासाठी निधी बाजूला काढला. आपल्या कोलकात्यात इन्टॅकनं २०१९ मध्ये जुन्या खाद्यगृहांवर निळ्या पाट्या लावल्या. मुंबई आणि पुण्याला हे जमू नये असं यात काही नाही. पन्नास वर्षांवरच्या उपाहारगृहांची, पुस्तकांच्या दुकानांची, वाचनालयांची प्रभागवार नोंद करायला कितीसा खर्च येतो? नोंद झाली की पुढचं बोलता येतं: परवाना शुल्कात सवलत, मालमत्ता करात सवलत, आणि नोंदलेल्या दुकानाची जागा पुनर्विकासात हलवायची असेल तर आधी सुनावणी.

भट्टीचाही प्रश्न आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायचा आदेश दिला. काही चाहत्यांना त्यात परंपरेवर घाला दिसला. मला नाही दिसला. थंडीतली मुंबईची हवा मी घेतलीय, आणि भट्टीसमोर जन्म काढलेल्या कामगारांची छाती कशी वाजते तेही ऐकलंय. ब्रूनची कड गॅसवर तितकी खरपूस येत नाही म्हणतात, न येवो. पण भट्टी बदलायला पैसा लागतो आणि तो सगळ्यात कमी त्याच्याचकडं असतो जो पाव सगळ्यात स्वस्त विकतो. हवा सगळ्या शहराची असेल तर खर्चाचा थोडा वाटाही शहरानं उचलावा. पालिकेनं बदलासाठी अनुदान द्यावं, आणि ते भट्टी विझण्याआधी द्यावं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो मोडीत काढण्यासारखा नाही. 'बाई, तिथला चहा थंड, टेबल चिकट, पोऱ्या उद्धट, आणि शेठला स्वतःलाच विकायचंय. तुम्ही कशाला जीव काढताय?' खरं आहे. सगळेच इराणी चांगले नव्हते. काही इतके वाईट होते की ते बंद झाल्याचं मला अजिबात दुःख नाही. आणि ज्याला खरोखरच थकवा आलाय, ज्याची मुलं टोरांटोला सुखी आहेत, त्यानं आपल्या आठवणींची चाकरी करत गल्ल्यावर बसून राहावं, असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत. २०१९ मध्ये ते गेले. ते त्यांच्या हौसेनं घेत होते. तशी सक्ती दुसऱ्या कुणावर करता येत नाही. माझं बोलणं त्यांच्याबद्दल आहे ज्यांना चालवायचंय. नव्या पिढीतला मुलगा किंवा मुलगी कॉलेज सोडून गल्ल्यावर येऊन बसलीय, दोन पदार्थांची भर घातलीय, संडास दुरुस्त केलाय, ऑनलाइन पैसे घ्यायला लागलीय, अशी दुकानं आहेत. त्यांना टेकू हवा, आणि तो हार-तुऱ्यांचा नको.

या धंद्याला आज मागणी नाही असंही कुणी म्हणू नये. २०१० मध्ये लंडनला 'डिशूम' नावाचं हॉटेल निघालं. मुंबईच्या इराण्याची हुबेहूब सजावट, तशाच खुर्च्या, तसेच आरसे, तशाच सूचनांच्या पाट्या. त्याच्या शाखांवर शाखा निघाल्या आणि बाहेर रांगा लागतात. तिकडं नकलेसाठी पाऊणपाऊण तास ताटकळणारी आपली माणसं सुट्टीला मुंबईत आली की १९०४ पासून उभ्या असलेल्या कयानीसमोरून उबर करून मॉलला जातात. 'द लंचबॉक्स'मध्ये दिसलेलं माटुंग्याचं कूलर १९३२ चं आहे. पडद्यावर ते बघून हेलावलेल्यांनी तिथं एकदा जाऊन आम्लेट मागवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

तेव्हा आता गिऱ्हाईकांना चार शब्द, वडीलकीच्या नात्यानं. सकाळच्या घाईत चौघांनी एका चहावर टेबल अडवून 'काय वातावरण आहे!' म्हणणं हे प्रेम नव्हे. ती त्याची कमाईची वेळ आहे. दुपारी अडीच ते पाच ही त्याची पडीक वेळ. तेव्हा जा. दोन तास बसायचं असेल तर दोनदा मागवा. कॅमेरा बाहेर काढण्याआधी तोंडात काहीतरी घाला. आणि निघताना पाव बांधून घ्या. हे मी पुन्हा सांगते कारण यावरच मदार आहे: घरचा रोजचा पाव, आठवड्याची खारी, पाहुण्यांसाठीची नानखटाई सुपरमार्केटच्या प्लास्टिकच्या पिशवीतून न आणता इराण्याच्या काउंटरवरून आणली, तर त्याची भट्टी चालते. फोटोवर चालत नाही.

वाचक कट्टे, नाटकमंडळी, ज्येष्ठ नागरिक संघ, गिर्यारोहकांचे गट, तुमच्या सगळ्यांच्या बैठका कुठं होतात? कुणाच्या तरी हॉलमध्ये, नाहीतर झूमवर. एखादा वार ठरवा, शेठला आधी सांगून ठेवा, आणि दर आठवड्याला त्याच दुपारी तिथं भरा. पंधरा माणसांचं ठरलेलं गिऱ्हाईक ही कुठल्याही छोट्या हॉटेलवाल्याला मोठी गोष्ट असते. त्यावर तो दूध किती घ्यायचं ते ठरवतो. पुणेकरांना हे शिकवायला नको, १९३५ चं गुडलक तुम्ही असंच धरून ठेवलंय. पण सगळी पुण्याई एकट्या गुडलकच्या पदरात टाकू नका. कॅम्पात, स्टेशनाकडं, जुन्या पेठांच्या कडेला, जिथं रविवारी रांग नसते तिथंही जा.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना एक वेगळं काम सुचवते. दरवर्षी तुम्ही किल्ल्यांची, वाड्यांची मोजमापं काढता. एक सत्र इराण्याला द्या. काउंटरची उंची, पोटमाळ्याचा जिना, टेबलांमधलं अंतर, आरसे कुठं टांगलेत, दारं किती रुंद. इराणी बंद झाला की त्या पोलंड-चेकोस्लोव्हाकियाहून आलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या चोर बाजारात जातात आणि मागं कागदावर काहीच राहत नाही. मोजमापं असतील तर पुनर्विकासाच्या वाटाघाटीत 'आम्हाला असंच हवं' म्हणून नकाशा पुढं ठेवता येतो. पत्रकारितेच्या मुलांनी शेठच्या मुलाखती पुष्कळ घेतल्यात. आता पोऱ्यांच्या घ्या. आयुष्यभर आरोळ्या ठोकून हिशेब लक्षात ठेवणारी ती माणसं कुठल्या गावची, किती पगारावर राबली, कुठं झोपली, हे कुणी लिहिलेलं मला दिसलेलं नाही.

आणि सोसायट्यांच्या, भाडेकरू संघांच्या पदाधिकाऱ्यांनो, शेवटचं तुम्हाला. हा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात ढकलू नका, तिथं तो चहाबरोबर गार होतो. रीतसर विषयपत्रिकेवर घ्या. ठरावाचा मसुदा हवा असेल तर हा घ्या: 'इमारतीच्या तळमजल्यावरील विद्यमान उपाहारगृहास पुनर्विकसित इमारतीत तळमजल्यावरच, रस्त्याच्या दर्शनी बाजूस व शक्यतो मूळ कोपऱ्यावर, सध्याच्या क्षेत्रफळाइतका गाळा, दोन्ही रस्त्यांकडील दरवाजे व धुराड्याची सोय यांसह देण्यात यावा, बांधकामाच्या काळात त्याच परिसरात पर्यायी गाळा उपलब्ध करून द्यावा, व या अटींचा विकास करारनाम्यात स्वतंत्र कलम म्हणून समावेश केल्याशिवाय सभासदांनी संमतीपत्रे देऊ नयेत.' सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन नावं लागतील. पण ठराव मांडण्याआधी एकदा खाली जा, दुपारची वेळ बघून शेठसमोर बसा, आणि त्याला नक्की काय हवंय ते त्याच्याच तोंडून लिहून घ्या. कदाचित त्याला दोन दारं नको असतील, एकच पण मोठं हवं असेल.